जुन्या गाडीतला नवा रेडिओ



३१ जुलै २०२३ ची गोष्ट. रात्री अकरा वाजून गेल्यावर बर्मिंगहॅमहून माझ्या मावसभावाचा फोन आला. दादा पन्नास वर्षांपूर्वी तिकडे गेला, डॉक्टर म्हणून निवृत्त झाला. त्याच्या फोनची वेळ ठरलेली असते, रविवारी सकाळी. सोमवारी मध्यरात्रीच्या सुमाराला फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. मी घाबरत विचारलं, ‘सगळं ठीक ना?’ तर म्हणाला, ‘ठीक कसलं? लाँग वेव्ह गेली.’

त्या दिवशी लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाची अॅशेस मालिका संपली होती. स्टुअर्ट ब्रॉडनं कारकिर्दीतल्या शेवटच्या चेंडूवर बळी घेतला, त्याची चर्चा जगभर चालू होती. दादाला त्याचं काही नव्हतं. त्याचं दुःख वेगळंच होतं. बीबीसीचं ‘टेस्ट मॅच स्पेशल’ म्हणजे कसोटी सामन्याचं चेंडूगणिक धावतं वर्णन. ते वर्षानुवर्षं लाँग वेव्हवरून, म्हणजे दीर्घ लहरींवरून ऐकू यायचं. ते त्या दिवशी शेवटचं झालं. रेडिओ ४ चं लाँग वेव्हवरचं बाकीचं प्रसारण त्यानंतरही चालू राहिलं, पण क्रिकेट मात्र त्यावरून उठलं.

दादाच्या घरापासून तासाभराच्या आत ड्रॉइटविच नावाचं गाव आहे. तिथे १९३४ साली लाँग वेव्हचं प्रक्षेपण केंद्र सुरू झालं. सातशे फुटी दोन मनोरे, आणि त्यांच्यामध्ये ताणलेली एरियलची तार. या एका केंद्राचा आवाज इंग्लंड-वेल्सच्या बहुतेक भागात पोचायचा. दऱ्यात उतरा, डोंगरावर चढा, लहर जमिनीला चिकटून बरोबर येणार. मोटारीतून जाणाऱ्याला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. आवाज थोडा बसका, मध्येच जहाजांसाठी समुद्राच्या हवामानाचं वृत्त लागायचं आणि तेवढ्यात कोणीतरी बाद झालेलं असायचं. पण दादानं तेंडुलकरच्या कितीतरी खेळी गाडी चालवताना अशाच ऐकल्या.

आणि गाडी कोणती? १९९७ सालची रोव्हर. बर्मिंगहॅमच्याच लाँगब्रिज कारखान्यात बनलेली. कारखानेदार कंपनी २००५ साली बुडाली, पण गाडी धावते आहे. शहराच्या मधोमध न्यायची झाली तर २०२१ पासून जुन्या गाड्यांना दिवसाला आठ पौंड प्रदूषणपट्टी भरावी लागते, म्हणून दादा वळसा घालून जातो. गाडी विकायचा विषय काढायचा नाही, असा घरातला नियम आहे.

‘मग आता काय करणार?’ मी विचारलं.

‘करणार काय? डिजिटल रेडिओ बसवणार.’

या एका वाक्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि आज मी तुमच्याशी बोलणार आहे तो त्याबद्दलच. कारण मोटारीतला रेडिओ हा मुळात घरचा नव्हेच. तो पाहुणा. गाडी आधी तयार झाली, रेडिओ मागून आला आणि त्याला कुठेतरी जागा करून द्यावी लागली. हे पहिल्या दिवसापासून असंच आहे.

१९३० साली शिकागोत पॉल गॅल्व्हिन नावाचा एक उद्योजक अडचणीत होता. बॅटरीवरचे रेडिओ घरातल्या विजेवर चालवायचं एक उपकरण तो बनवायचा. पण थेट विजेवर चालणारे रेडिओच बाजारात आले, शेअरबाजार कोसळला आणि त्याच्या मालाला गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा त्यानं ठरवलं, की मोटारीत बसेल असा आणि सामान्य माणसाला परवडेल असा रेडिओ करायचा. त्याच्याबरोबर विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग होते. हाच लिअर पुढे लिअरजेट विमानांमुळे प्रसिद्ध झाला. पहिला संच गॅल्व्हिननं स्वतःच्या स्टुडबेकर गाडीत बसवला. कर्ज मिळावं म्हणून त्यानं बँकेच्या साहेबांच्या पॅकार्ड गाडीतही एक संच बसवून दिला, आणि अर्ध्या तासात त्या गाडीनं पेट घेतला, अशी एक गोष्ट सांगतात. कर्ज अर्थातच मिळालं नाही. मग अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन होतं, तिथे गॅल्व्हिन गाडी चालवत गेला. आत गाळा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून बाहेर गाडी उभी करून त्यानं रेडिओ मोठ्यानं लावला. येणारे-जाणारे थांबले. मागण्या आल्या. त्या रेडिओचं नाव ठेवलं ‘मोटोरोला’, आणि १९४७ साली कंपनीनंच ते नाव घेतलं. तुमच्या-माझ्या हातात पुढे आलेले मोबाईल फोन त्याच घरातले.

त्या काळी रेडिओ बसवणं म्हणजे गाडीची शस्त्रक्रियाच होती. रेडिओचा डबा एकीकडे, कर्णा दुसरीकडे, बॅटऱ्या फळीखाली, एरियलची जाळी छपराच्या कापडाखाली, आणि चालू-बंद करायचं बटण चालकाजवळ. डॅशबोर्ड सोडवा, पत्र्याला भोकं पाडा, तारा ओढा. दिवस-दोन दिवस सहज जायचे. किंमत शंभर डॉलरच्या वर, आणि तेव्हा नवी फोर्ड मोटार पाच-सहाशे डॉलरला मिळत होती. जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनीनं १९३२ साली युरोपातला पहिला मोटार-रेडिओ काढला. त्याचं वजन पंधरा किलो, आणि किंमत मोटारीच्या जवळपास एक तृतीयांश.

सगळ्यात मोठी अडचण मात्र गाडीचीच होती. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते, आणि विजेची प्रत्येक ठिणगी हे एक छोटंसं प्रक्षेपण केंद्रच असतं. मार्कोनीनं सुरुवातीला संदेश पाठवले ते ठिणग्या पाडूनच. त्यामुळे गाडी उभी असताना रेडिओ छान गायचा, आणि इंजिन सुरू केलं की नुसती खरखर. मग स्पार्क प्लगच्या तारांवर रोधक बसवायचे, दिव्याच्या तारांना वेष्टण करायचं, बॉनेटला नीट अर्थिंग द्यायचं. शिवाय त्या वेळचे व्हॉल्व्ह दोनेकशे व्होल्ट मागायचे आणि गाडीची बॅटरी असायची सहा व्होल्टची. मधे एक थरथरणारं यंत्र बसवून व्होल्टेज वाढवावं लागे, त्याची गुणगुण वेगळी. १९५५ साली अमेरिकेत क्रायसलर कंपनीनं फिल्कोचा संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ गाडीत दिला, तेव्हा कुठे ही गुणगुण थांबायची चिन्हं दिसली.

ब्रिटनमध्ये आणखी एक गंमत. तिथल्या मोटारींत १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बॅटरीचं धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असे. बाकी जगात आणि आजच्या सगळ्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. जुन्या मॉरिस मायनरमध्ये कोणी हौसेनं आजचा रेडिओ नेऊन तसाच जोडला, तर एक लहानसा धूर निघतो आणि हौस संपते. म्हणून जुन्या गाड्यांचे जाणकार आधी अर्थिंग उलटं करून घेतात, मगच रेडिओला हात लावतात. काहीजण तर जुन्या रेडिओचा दर्शनी भाग, ती तबकडी, ते दोन कान, सगळं जसंच्या तसं ठेवून आतली यंत्रणा तेवढी नवी भरून घेतात. बाहेरून १९६०, आतून आजचं. मला हा प्रकार आवडतो. दादाला आवडत नाही. तो म्हणतो, ही वेषांतर केलेली पोरं.

सरकारनंही या पाहुण्याला कधी मोकळं सोडलं नाही. ब्रिटनमध्ये घरातल्या रेडिओला परवाना असायचा आणि मोटारीतल्या रेडिओला आणखी वेगळा. १ फेब्रुवारी १९७१ रोजी हे परवाने गेले. आपल्याकडे पोस्टात जाऊन वर्षाला पंधरा रुपये भरून पुस्तिकेवर तिकीट चिकटवून आणल्याचं आठवणारे श्रोते आजही असतील. आपला परवाना जायला १९८०चं दशक उजाडलं.

याच सुमाराला युरोपात एक साधी गोष्ट ठरली, आणि माझ्या मते मोटार-रेडिओच्या इतिहासातली ती सगळ्यात लोकशाहीवादी गोष्ट आहे. डॅशबोर्डमधल्या भोकाचं माप ठरलं. जर्मन मानक संस्थेचं हे माप, म्हणून त्याला ‘डिन’ म्हणतात. साधारण १८ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच. १९८०च्या दशकात बहुतेक मोटारींत हे एकसारखं भोक आलं. मागच्या जोडणीचंही पुढे मानक झालं. बाजारातल्या रेडिओंच्या तारांचे रंगसुद्धा ठरून गेले. पिवळी कायम बॅटरीवर, लाल किल्लीवर, काळी अर्थिंगची, निळी एरियलच्या वीजपुरवठ्याची. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली की रेडिओ चालतो खरा, पण गाडी बंद केली की सगळी ठरवलेली केंद्रं विसरतो. घरोघरी असे विसरभोळे रेडिओ असतात, त्यांचं कारण बहुधा हेच.

या एका भोकामुळे कोणत्याही कंपनीचा रेडिओ कोणत्याही गाडीत जाऊ लागला. चोरांचीही सोय झाली, म्हणून मग काढून खिशात घालायची समोरची पट्टी आणि चार आकड्यांचा गुप्त संकेत आला. पण मालकाला स्वातंत्र्य मिळालं. आमच्या वडिलांच्या फियाटमध्ये दोन कानांचा, फक्त मिडियम वेव्हवर चालणारा रेडिओ होता. मुंबईत एफएम ऐकायची टूम निघाली, तेव्हा मी ती गाडी लॅमिंग्टन रोडला घेऊन गेलो. तिथल्या पोरानं डॅशबोर्डची पट्टी करवतीनं कापली आणि तासाभरात नवा संच आत सरकवला. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, मिडियम वेव्हवर मराठी बातम्या लागतातच की, मग गाडी कशाला कापली? पुढे २००२ साली खासगी एफएम वाहिन्या मुंबईत धडाक्यानं सुरू झाल्या, तोवर ती गाडी आमच्याकडे राहिली नव्हती.

आता डिजिटलकडे येऊ. इथे एक उपरोध आहे, तो ध्यानात घेण्याजोगा आहे. युरोपात डिजिटल रेडिओची जी पद्धत रूढ झाली, तिचं नाव डॅब. युरेका १४७ या प्रकल्पात १९८७ पासून तिचं काम सुरू झालं. ती घडवताना डोळ्यांसमोर धावती गाडी होती. एफएमची लहर इमारतींवर, डोंगरांवर आपटून फिरते. मूळ लहर आणि तिचे पडसाद एकमेकांत मिसळतात आणि चालत्या गाडीत आवाज फडफडतो. डॅबमध्ये हे टाळायला युक्ती केली. समजा तुम्हाला बरंच सामान पाठवायचं आहे. एका मोठ्या ट्रकमध्ये भरलं आणि ट्रक खड्ड्यात गेला तर सगळंच गेलं. त्याऐवजी ते दीड हजार सायकलस्वारांवर थोडं थोडं वाटून दिलं आणि प्रत्येकाला सांगितलं की सावकाश जा, तर काहीजण पडले तरी सामान पोचतं. डॅबमध्ये खरोखरच १,५३६ बारीक लहरींवर माहिती वाटून पाठवतात, आणि दोन तुकड्यांच्या मधे थोडा अवकाश ठेवतात, म्हणजे मागून येणारा पडसाद पुढच्या तुकड्यात घुसत नाही. त्यामुळे देशभरातल्या सगळ्या केंद्रांना एकच कंप्रता वापरता येते. लंडनहून स्कॉटलंडला जाताना बटण फिरवायला नको.

सप्टेंबर १९९५ मध्ये बीबीसीनं डॅब प्रसारण सुरू केलं. नॉर्वेच्या एनआरकेनं त्याच वर्षी जूनमध्ये. पण घ्यायला रेडिओ कुठे होते? जे होते त्यांच्या किमती ऐकून माणूस मागे फिरायचा. शेवटी २००२ साली ब्रिटनमध्ये शंभर पौंडांच्या आत मिळणारा संच आला, पण तो घरात ठेवायचा. बीबीसीनं त्याच वर्षी फक्त डिजिटलवर ऐकू येणाऱ्या नव्या वाहिन्या काढल्या. एक जास्तीच्या खेळांसाठी, एक वेगळ्या धाटणीच्या संगीतासाठी, आणि आशियाई श्रोत्यांसाठीचं ‘एशियन नेटवर्क’ही त्याच वर्षी देशभर पोचलं. लेस्टर, बर्मिंगहॅमकडच्या आपल्या लोकांनी डिजिटल संच घेतले, त्यात या वाहिनीचा वाटा होता. म्हणजे धावत्या गाडीसाठी घडवलेलं तंत्रज्ञान आधी जाऊन बसलं स्वयंपाकघरात, ओट्यावर, चहाच्या डब्याशेजारी. आणि गाड्या तशाच राहिल्या.

इथून खरा पेच सुरू होतो. रेडिओ ऐकण्याचा मोठा हिस्सा मोटारीतला. घरचा संच माणूस सहज बदलतो, वाण्याच्या पिशवीतून आणता येतो. गाडी पंधरा-वीस वर्षं टिकते. ब्रिटिश सरकारनं २००९ साली ‘डिजिटल ब्रिटन’ नावाच्या अहवालात २०१५ हे एफएमवरून डिजिटलवर जायचं लक्ष्य ठरवलं. डिसेंबर २०१३ मध्ये मंत्र्यांनी सांगितलं, अजून वेळ आलेली नाही. गाड्या तयार नव्हत्या, श्रोतेही नव्हते. निम्म्याहून अधिक ऐकणं डिजिटल व्हायला २०१८ उजाडलं. २०२१ च्या सरकारी आढाव्यानं तर एफएम किमान २०३० पर्यंत राहील असं म्हटलं. युरोपीय संघानं दुसरा मार्ग धरला. २१ डिसेंबर २०२० पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीतल्या रेडिओला डिजिटल प्रसारण घेता आलंच पाहिजे. नव्या गाडीचा प्रश्न सुटला. जुनीचं काय?

याचं उत्तर नॉर्वेनं देऊन टाकलं, तेही सरळ. ११ जानेवारी २०१७ ला उत्तरेकडच्या नूरलान प्रांतात राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद झालं, आणि प्रांतामागून प्रांत करत १३ डिसेंबरला संपलं. जगात असं करणारा हा पहिला देश. सरकारचा हिशेब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पन्नास लाखांची वस्ती, फियॉर्ड आणि डोंगर यांनी चिरलेला देश, दर खोऱ्यासाठी वेगळा मनोरा. एफएमवर जेमतेम पाच राष्ट्रीय वाहिन्या, डॅबवर बावीस, आणि प्रसारणाचा खर्च वाहिनीमागे एक अष्टमांश. पण रस्त्यावर सुमारे वीस लाख मोटारी अशा होत्या, ज्यांच्यात डॅब नव्हतं. त्या काळातल्या एका पाहणीत ६६ टक्के लोकांनी या निर्णयाला विरोध दर्शवला होता. जोडयंत्राला हजार-दीड हजार क्रोनर आणि बसवणावळ वेगळी. पैसे वाचले प्रसारकांचे, आणि खिशात हात घातला जुन्या गाडीच्या मालकानं. राष्ट्रीय वाहिन्यांचे श्रोते त्यानंतर घटले. काहींनी गाडीत रेडिओ लावायचाच सोडून दिला.

लांबच्या रस्त्यावरच्या माणसाला रेडिओ नुसता करमणुकीसाठी लागत नाही, हेही खरं. नॉर्वेत हजाराहून जास्त बोगदे आहेत. बोगद्यात अपघात झाला तर सूचना द्यायचं साधन गाडीतला रेडिओ हेच असतं.

आता या जुन्या गाडीत डॅब बसवायचं म्हणजे काय करायचं? इथे डिन भोकाची आठवण होते. दादाच्या रोव्हरसारखी १९९०च्या दशकातली गाडी असेल तर काम सोपं. जुना संच ओढून काढा, नवा सरकवा. १९५०-६० मधली गाडी असेल तर हौशी माणसं आहेतच. सगळ्यात पंचाईत मधल्या गाड्यांची, म्हणजे साधारण २००० ते २०१५ मधल्यांची. कारखानदारांनी तोवर ते भोक बुजवून टाकलं होतं. रेडिओ, वातानुकूलन, घड्याळ, गाडी मागे घेताना वाजणारी पिपाणी, सगळं एका साच्यात. रेडिओ काढायचा तर निम्मी गाडी मुकी होते. म्हणजे १९९०च्या दशकातल्या गाडीत नवा पाहुणा येऊ शकतो, त्यानंतरच्या गाडीत नाही. अशा मालकांसाठी मग एक छोटं यंत्र निघालं. ते काचेवर चिकटवायचं, ते डॅब पकडतं आणि अगदी क्षीण एफएमवर पुन्हा प्रसारित करतं, आणि गाडीतला मूळ रेडिओ ते एफएम ऐकतो. असली क्षीण एफएम यंत्रं ब्रिटनमध्ये डिसेंबर २००६ पर्यंत बेकायदाच होती. आणि गंमत बघा, एफएम जाणार म्हणून घेतलेलं यंत्र एफएमवरच चालतं. मोठ्या शहरात एफएमच्या पट्ट्यात मोकळी जागा उरलेली नसते, तिथे त्याची तारांबळ उडते.

दादानं पूर्ण संचच बदलायचं ठरवलं. गावातल्या एका दुकानात गेला. दोन तासांत गाडी हातात मिळाली, तेव्हा आवाज स्वच्छ, पडद्यावर वाहिनीचं नाव, सगळं छान. दुसऱ्या दिवशी वेल्सच्या रस्त्याला लागला आणि शहर मागे पडताच आवाज पाण्यात बुडाल्यासारखा बुडबुडला आणि बंद पडला. एफएम मरताना खरखरत, कुरकुरत हळूहळू मरतं. डिजिटल एकदम कड्यावरून पडतं, मधली पायरी नाही. दादा रात्री फोनवर म्हणाला, ‘अरे, लाँग वेव्ह बसकी होती, पण शब्द टाकून देत नव्हती.’

दोष निघाला एरियलचा. डॅब चालतं १७४ ते २४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एफएमच्या दुपटीहून जास्त. गाडीची जुनी काठी एफएमच्या मापाची. म्हणून पुढच्या काचेवर आतून एक पातळ फीत चिकटवतात, तीच डॅबची एरियल. त्या फितीला एक तांब्याचा चपटा तुकडा असतो. तो काचेच्या बाजूच्या खांबाचं प्लॅस्टिकचं झाकण काढून आतल्या उघड्या पत्र्याला लावायचा असतो, तेव्हा अर्थिंग होतं. दुकानातल्या कारागिरानं तो रंग न खरवडता रंगावरच चिकटवला होता. शहरात लहर जोरकस, म्हणून चालून गेलं. दादानं स्वतः झाकण काढलं, नखाएवढी जागा पॉलिश पेपरनं घासून पत्रा चमकवला, तुकडा दाबून बसवला. तेव्हापासून वेल्सच्या सरहद्दीपर्यंत आवाज तुटत नाही. १९३० साली बॉनेटचं अर्थिंग, आज या तुकड्याचं. माणसं बदलली, पत्रा तोच.

आणखी एक खाच आहे. डॅबचीही पुढची आवृत्ती २००७ साली आली, डॅब प्लस. कमी जागेत चांगला आवाज. पण सुरुवातीच्या डॅब रेडिओंना ती कळत नाही. ज्यांनी उत्साहानं आधी पैसे खर्च केले, त्यांचे ‘नवे’ रेडिओ जुने झाले.

आपल्याकडे हा प्रवास उलट्या दिशेनं झाला. आकाशवाणीनं डॅब न घेता डीआरएम ही पद्धत निवडली. ती आपल्या मिडियम वेव्हच्या पट्ट्यातच बसते, आणि लांबचा पल्ला गाठते. आकाशवाणीनं मिडियम वेव्हची ३५ प्रक्षेपण यंत्रं त्यासाठी सज्ज केली. २०१७ नंतर भारतात बनणाऱ्या लाखो मोटारींत हा डिजिटल रेडिओ कारखान्यातूनच बसून आला. म्हणजे तिकडे लोक जुन्या गाडीत डिजिटल बसवायला धडपडतात, आणि इकडे नव्या गाडीत ते असून कित्येक मालकांना पत्ता नाही. माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीत आहे. मी त्यांना लावून दाखवलं, तर म्हणाले, ‘हे मोबाईलवरून येतंय ना?’

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, मी दादाकडे होतो. एजबॅस्टनला भारताचा कसोटी सामना होता. रविवार, ६ जुलै, पाचवा दिवस. तिकिटं नव्हती. सकाळी पाऊस, खेळ उशिरा सुरू झाला. दुपारनंतर दादानं गाडी काढली आणि मैदानाजवळच्या एका गल्लीत झाडाखाली उभी केली. जुना संच त्यानं टाकून दिलेला नाही. गॅरेजमध्ये कापडात गुंडाळून, गुप्त संकेताच्या चिठ्ठीसकट ठेवला आहे. गाडीत नवा वाजत होता. एजबॅस्टनला भारतानं तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. इंग्लंडचा शेवटचा गडी उरला होता. रेडिओवर निवेदक सांगत होता, आकाशदीप गोलंदाजीसाठी माघारी चालला आहे, आणि तेवढ्यात झाडांच्या पलीकडून एकदम गर्जना उठली, ढोल वाजायला लागले.

डिजिटल आवाजाला बांधून, उलगडून आपल्यापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. रेडिओवर आकाशदीप अजून धावतच होता.

दादानं काच खाली केली. ‘लाँग वेव्हवर,’ तो म्हणाला, ‘आपल्याला बरोबरीनं कळलं असतं.’